उष्ट्या टाळ्या

अभयनं माऊसवर बोट टेकवलं आणि दोन वर्षांपूर्वी वारलेली लीलाबाई गायला लागली.

पुंडलिकराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. स्टुडिओ सख्ख्या पुतण्याचा होता, पण खुर्ची पुरी भरून बसणं त्यांना सत्तरी उलटली तरी जमलेलं नव्हतं. कुणीतरी येईल आणि उठा म्हणेल, अशा बेतानं ते सगळीकडं बसत. शेजारी त्यांची मुलगी विशाखा होती, आणि तिच्या पलीकडं, क्रांती चौकातल्या त्या इमारतीचे जिने गुडघ्यांना शिव्या देत चढून आलेली केसरबाई. लीलाबाईच्या गायन पार्टीत केसरबाई कोरसला असायची. त्या पार्टीतली आता ती एकटीच उरली होती.

"कशी वाटतीय क्वालिटी?" अभयनं मान वळवून विचारलं.

आवाज लीलाबाईचाच होता, यात शंका नव्हती. पण तो धुऊन, इस्त्री करून, वर अत्तर शिंपडून समोर ठेवल्यासारखा वाटत होता. मूळ कॅसेट पुंडलिकरावांनीच अभयच्या हाती दिली होती. फर्दापूरच्या पलीकडच्या एका वस्तीवर भीमजयंतीला झालेला जलसा, कुणीतरी बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर पेटीजवळ ठेवून भरून घेतलेला. त्या कॅसेटमध्ये गॅसबत्तीचा सूं सूं आवाज होता, एक कुत्रं होतं, कुणाचं तरी तान्हं होतं, 'मागच्यांनी खाली बसा हो' होतं. त्यातलं आता काहीच ऐकू येत नव्हतं. येत्या रविवारी विहारात लीलाबाईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तिथं हे गाणं लावायचं आणि त्याच दिवशी इंटरनेटवर टाकायचं, असं अभयनं ठरवलं होतं. लग्नाच्या व्हिडिओंची कामं बाजूला सारून तो काकूच्या गाण्यामागं लागला होता.

दुसरा अंतरा संपत आला. पुंडलिकराव पुढं वाकले. गाण्यातली ही जागा त्यांची होती.

ते कुणाला माहीत नव्हतं. केसरबाईला होतं, पण तिला आता काय आठवत असेल कोण जाणे. त्या काळी जलशात गाणं रंगलं की माणसं उठून बक्षीस द्यायची. गाणारी बाई ओळ मधेच तोडायची, माइकवर देणाऱ्याचं नावगाव सांगायची, जयभीम घालायची आणि तोडलेली ओळ तिथूनच उचलायची. पुंडलिकराव तेव्हा फर्दापूरच्या एका सरकारी विश्रामगृहात कारकून होते. गर्दीच्या मागं, एका बैलगाडीच्या आडोशाला उभं राहून त्यांनी ते गाणं ऐकलं, आणि चहा प्यायला मागं आलेल्या केसरबाईच्या हाती एक रुपया देऊन, "नाव सांगू नका, एक श्रोता म्हणा," असं तिला सांगितलं. केसरबाईनं पुढं जाऊन लीलाबाईच्या कानात नको तेवढं सांगितलं. दुसऱ्या अंतऱ्यानंतर लीलाबाईनं ओळ तोडली.

"नाव सांगायला लाजणाऱ्या फर्दापूरच्या कारकुनाकडून एक रुपया," ती माइकवर म्हणाली. "जयभीम! अन् लाजता कशाला साहेब, पुढं या की!"

सगळी वस्ती मागं वळून हसली होती. जन्मात पहिल्यांदा एवढ्या माणसांनी पुंडलिकरावांकडं एकदम पाहिलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं नाही. पुढं मात्र ते गेले नाहीत. पुढच्या साली दोघांचं लग्न झालं. घरात सगळ्यांना ते रीतसर ठरवून झालेलं माहीत होतं, आणि तसं ते रीतसर ठरवूनच झालं होतं.

अंतरा संपला. लीलाबाई बोलली नाही. वस्ती हसली नाही.

त्याजागी टाळ्यांचा एक प्रचंड लोट अंगावर आला. हजारो माणसं एकदम ओरडावीत तसा. त्यातून एक बारीक शिट्टी वर चढत गेली. मग एका बाईची लांबलचक किंकाळी. आणि ती किंकाळी ओसरता ओसरता, खाली, डाव्या बाजूला, कुणीतरी खोकलं. दोनदा ओलं, जरा थांबून एकदा कोरडं.

पुंडलिकरावांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

तो खोकला त्यांच्या ओळखीचा होता.

गाणं संपलं. विशाखानं डोळे पुसले. "बाबा, आईला एवढी पब्लिक!" ती म्हणाली.

"हे कोण मेले बोंबलायलेत रे?" केसरबाईनं अभयला विचारलं.

"मावशी, पब्लिक हाय ती."

"आपल्या पब्लिकला असली किंकाळी कुठली? बायाबापड्या हुत्या, कडंवर लेकरं घिऊन बसलेल्या. एखादी अशी किंचाळली असती तर तिला इचू चावला म्हणून लोक उठले असते."

अभय हसला. "त्याला इफेक्ट म्हणतात, मावशी. वाटलं पाहिजे ना काहीतरी. काका, तुम्ही बोला. एकदम भारी झालंय ना?"

"छान झालंय," पुंडलिकराव म्हणाले.

ते दोन शब्द जिभेवर केस चिकटावा तसे घरापर्यंत चिकटून राहिले.

त्या खोकल्याची ओळख अशी होती. फर्दापूरच्या विश्रामगृहात लेणी बघायला आलेले परदेशी लोक उतरत आणि जाताना काहीबाही विसरत. विसरलेल्या वस्तू कपाटात सांभाळायच्या आणि बरेच दिवस कुणी विचारलं नाही तर निकालात काढायच्या, अशी तिथली पद्धत होती. निकालात निघालेली एक कॅसेट पुंडलिकरावांकडं आली. 'द टिन विंडोज' नावाच्या विलायती पोरांच्या गटाची. इंग्लंडातल्या कुठल्याशा बंदराच्या गावी लोकांसमोर वाजवलेली आणि तिथंच भरून घेतलेली मैफल, असं तिच्यावर छापलं होतं. गाणी त्यांना फारशी कळली नाहीत. त्यांना पुस्तकातलं इंग्रजी कळे, गाण्यातलं कळत नसे. आवडलं ते गाण्यांच्या मधलं. तारा जुळवतानाची टुणटुण, गाणाऱ्या पोराचं काहीतरी चावट बोलणं, आणि ती गर्दी. ज्याला चार माणसांत तोंड उघडता येत नाही, त्याला टेपरेकॉर्डरला कान लावून हजार माणसांत बसता येतं आणि कुणी त्याच्याकडं बघत नाही, हा शोध त्यांना फार मोठा वाटला होता.

पुढं शहरात बदली झाल्यावर गुलमंडीतला एक दुकानदार त्यांना असल्याच कॅसेटी मागवून द्यायचा. गट कुठलाही चालेल, विलायती असावा आणि मैफल लोकांसमोर भरलेली असावी, एवढीच अट. "जग गाणं ऐकतंय, अन् आमचे हे टाळ्या ऐकायलेत," असं लीलाबाई आल्यागेल्याला सांगायची.

त्यातल्या चार-पाच कॅसेटींत तो खोकणारा होता. गट वेगळे, गावं वेगळी, खोकला तोच. पुंडलिकरावांनी त्याचा साधा अर्थ लावला होता. एक माणूस आहे, त्याला गाण्याचा नाद आहे आणि दमा आहे, आणि तो गावोगाव तिकिटं काढून जातो. त्यांनी त्याचं नावही ठेवलं होतं, दमेकरी साहेब. एकट्यानं मैफलीला जाणारा, कोपऱ्यातली जागा धरणारा, खोकल्याची उबळ टाळ्यांपर्यंत दाबून ठेवणारा माणूस. आपल्यासारखा. हे त्यांनी फक्त लीलाबाईला सांगितलं होतं. ती पोट धरून हसली होती. "बायको सोडती कशी त्याला थंडीचं?" मग हिवाळ्यात पुंडलिकराव खोकले की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "आले का तुमचे विलायती पाहुणे?"

घरी आल्यावर त्यांनी चूळ भरली आणि कपाटावरचा जुना टेपरेकॉर्डर खाली काढला. आपले कान म्हातारे झालेत, भास झाला असेल, पुतण्यानं एवढ्या हौसेनं केलेल्या कामात खोट काढायचा आपला स्वभावच वाकडा, असं स्वतःला सांगत त्यांनी 'टिन विंडोज' लावली. शिट्टी, किंकाळी, खोकला. दुसऱ्या एका गटाची लावली. शिट्टी, किंकाळी, खोकला. मधलं थांबणंसुद्धा तेच.

दमेकरी साहेब त्या वस्तीवरच्या जलशाला आला नव्हता, हे तर उघडच होतं. तो या मैफलींनाही गेला नव्हता. कुठंच गेला नव्हता. मैफली तरी झाल्या होत्या का, कोण जाणे. वर्षानुवर्षं ज्या विहिरीचं पाणी गोड मानून प्यावं, तिच्या तळाशी कुजलेलं जनावर निघावं, तसं पुंडलिकरावांना झालं. चाळीस वर्षं आपण त्याच टाळ्या पुन्हा पुन्हा ऐकल्या आणि त्याला सोबत समजलो. ढीगभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला एवढं कळू नये? विशाखानं वाढलेलं ताट त्यांनी तसंच परत केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एकटेच स्टुडिओत गेले. अभय कुणाच्या तरी हळदीच्या व्हिडिओला गाणं जोडत होता.

"त्या टाळ्या तू कुठून आणल्यास?"

"त्या होय? टाळ्या-आरोळ्यांचं जुनं विलायती पॅक हाय काका, फुकट मिळतं नेटवर. कुठल्यातरी फुटबॉलच्या मैदानावर भरलंय म्हणे. तिकडचे काही गट काय करायचे, स्टुडिओत बसून निवांत वाजवायचे, वरून हे चिकटवायचे आणि लाइव्ह म्हणून विकायचे. सगळेच नाय हां, पण बरेच." त्याला ही गंमत वाटत होती. "आपण काय नवीन नाय केलं."

फुटबॉल. म्हणजे त्या बाईची किंकाळी गाण्यासाठीसुद्धा नव्हती. पुंडलिकरावांच्या नाकात उगाच आंबूस वास आल्यासारखा झाला. स्टुडिओच्या भिंतींना लावलेला काळा फोम, टेबलावरचा अर्धा खाल्लेला वडापाव, पडद्यावरची हळदीनं माखलेली हसरी नवरी, सगळंच चिकट वाटायला लागलं.

"मूळचा आवाज आहे का तुझ्याकडं? साफ न केलेला?"

"हाय की. का?"

"रविवारी तोच लाव."

अभयनं खुर्ची फिरवली. "काका, तुम्ही ऐकलंय का ते इतक्यात? गाणं कमी अन् वसुली जास्त. अमक्याकडून एक रुपया, तमक्याकडून आठ आणे. काकू दर ओळीला थांबतीय. हे नेटवर टाकलं तर लोक खाली काय लिहितील, माहितीय? भीक मागायलेत, असं लिहितील. मला नाय सहन होणार. मला काकूनं वाढवलंय. माझी काकू रुपया रुपया गोळा करताना नाय दिसली पाहिजे कुणाला. तिच्यासमोर हजार माणूस उभं दिसलं पाहिजे."

पोरगं खोटं बोलत नव्हतं, हेच वाईट होतं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. त्यातला एक रुपया माझा आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर बैलगाडीपासून सगळं सांगावं लागणार, आणि सांगून झाल्यावर तो हसला तर?

"बरं," ते म्हणाले.

जिना उतरताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही. त्या क्षणी त्यांना सगळ्यांत जास्त किळस कशाची आली असेल, तर त्या 'बरं'ची. जन्मभर ते हेच म्हणत आले होते.

रविवारी विहार भरलं. वंदना झाली, विशाखा आईबद्दल चार शब्द बोलली. मागच्या अंगणात जेवणाची तयारी चालू होती आणि वरणाच्या फोडणीचा वास आत येत होता. पुंडलिकराव शेवटच्या ओळीत, दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसले होते. पुढं बसा म्हणून दोघातिघांनी आग्रह केला, पण त्यांनी हातानंच नको म्हटलं.

अभयनं लॅपटॉपला दोन मोठे स्पीकर जोडले होते. लीलाबाई गायला लागली. पहिला अंतरा, दुसरा अंतरा, आणि मग तो लोट. स्पीकर एवढे मोठे की खिडकीची तावदानं थरथरली. शिट्टी, किंकाळी. विहारातली माणसं आधी बिचकली. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, आणि बघता बघता सगळेच वाजवायला लागले. विशाखाही. जिवंत, ओळखीची, घरची माणसं, त्या मैदानावरच्या गर्दीच्या मागं मागं हात हलवत होती. दमेकरी साहेब खोकला. बुद्धमूर्तीसमोर, लीलाबाईच्या फोटोच्या डाव्या बाजूला, दोनदा ओलं आणि एकदा कोरडं. पुंडलिकरावांनी रुमाल तोंडावर दाबला.

"बंद कर रे ते!"

केसरबाई पहिल्या ओळीत उभी राहिली होती. "काय लावलंय हे? तिथं लोक हसले हुते! माझ्या हातानं रुपया गेलता, मला ठाऊक नाय व्हय?" तिनं मागं वळून हात केला. "ओ दाजी! सांगा की ह्यांना. गाडीमागं तुम्हीच हुता का नाय?"

सगळं विहार मागं वळलं.

पुंडलिकराव उठले. "अभय, थांबव," ते म्हणाले, पण आवाज रुमालातच राहिला. मग रुमाल खिशात घालून ते खुर्च्यांच्या मधून पुढं चालत गेले. तिथं पोचेपर्यंत काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

"थांबव ते."

अभयनं थांबवलं. एकदम शांत झालं. मागं कुणाच्या तरी हातून डाव पातेल्यात पडला.

"माझ्या आजोबांच्या गावात," पुंडलिकरावांनी अभयकडं बघत सुरुवात केली, कारण लोकांकडं बघणं शक्य नव्हतं, "लग्नाच्या पंगती उठल्या की आपली माणसं टोपलं घेऊन मागं उभी राहायची. उष्टं घ्यायला. वडलांनी धम्म घेतला त्या दिवशी ते टोपलं पालथं घातलं. परत कधी उचललं नाही. तुझ्या आजोबांनी. तुला माहीत आहे."

"माहितीय काका, पण..."

"तू त्या रुपयाला भीक म्हणालास. भीक देणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, बाळा. तिथं दिवसभर दगड फोडलेला माणूस उठायचा, आपल्या हातानं आपल्या कमाईतलं द्यायचा, आणि त्याचं नाव माइकवर यायचं. आदरानं. त्यातल्या काहींचं नाव तेवढ्या एकाच वेळी मोठ्यानं घेतलं गेलं असेल. ते तू कापलंस." त्यांना दम लागला. "आणि त्याजागी हे जोडलंस. हे दुसऱ्याच कुणासाठी वाजवलेलं. किती जणांच्या पानातून उठून आलंय, त्याला गणती नाही. हे उष्टं आहे. मी स्वतः चाळीस वर्षं खाल्लं, मला कळलं नाही. पण तिच्या ताटात नको. मला किळस येते."

अभयच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

"आणि त्यातला एक रुपया माझा होता," पुंडलिकराव म्हणाले. हे मात्र फक्त त्याला ऐकू जाईल असं.

अभयनं त्यांच्याकडं पाहिलं. मग खाली मान घालून लॅपटॉपच्या पडद्यावर काहीतरी शोधायला लागला.

मूळ आवाज लागला तेव्हा आधी नुसती खरखर आली. मग गॅसबत्ती, मग पेटी, मग लांबून आल्यासारखी लीलाबाई. ऐकायला खरंच वाईट होतं. मागच्या ओळीतले दोघे जण जेवणाचं बघायला म्हणून उठून गेले. एका पोरीनं मोबाइल काढला. लीलाबाई दर दोन ओळींना थांबत होती आणि नावं घेत होती. कारभारी म्हणून कुणी, मंजुळाबाई म्हणून कुणी, खडी फोडणारे, शेळ्या राखणारे, वस्तीवरचे आणि शेजारच्या वाडीतले. प्रत्येक नावामागं केसरबाई बसल्या जागेवरून, सवयीनं, कोरसचा जयभीम घालत होती. हळूहळू आणखी दोघीतिघी तिच्याबरोबर घालू लागल्या.

पुंडलिकरावांना परत आपल्या खुर्चीकडं जायचं होतं, पण आता सगळ्यांसमोरून मागं जाणं पुढं येण्याहून अवघड होतं. ते तसेच स्पीकरजवळ उभे राहिले.

दुसरा अंतरा संपला. लीलाबाईनं ओळ तोडली.

"नाव सांगायला लाजणाऱ्या फर्दापूरच्या कारकुनाकडून एक रुपया. जयभीम! अन् लाजता कशाला साहेब, पुढं या की!"

टेपमधली वस्ती हसली. विहारात केसरबाई हसली, आणखी कुणीतरी हसलं. विशाखा हातातला रुमाल तसाच धरून वडलांकडं बघत राहिली. इंग्रजी कॅसेटींचा आंबूसपणा पुंडलिकरावांच्या तोंडातून अजून गेला नव्हता. जाईल असं त्यांना वाटतही नव्हतं.

हसू ओसरलं आणि लीलाबाईनं तोडलेली ओळ उचलली, नेमकं त्याच क्षणी टेपमधलं कुत्रं भुंकायला लागलं. एकसारखं, माइकच्या अगदी जवळ, तिच्या वरच्या सुरावर. अभयचा हात सवयीनं बटणाकडं गेला.

पुंडलिकरावांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "ते तिथं होतं."